अडीच गुंठ्यांची वाट

या वेळचं पत्र इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्समधून आलंय. लांब होतं, थोडं कमी करून देते.

"ताई, आम्ही 2021 मध्ये इथल्या एका नव्या वसाहतीत घर घेतलं. विक्रीच्या ऑफिसातल्या नकाशावर मागच्या ओढ्यालगत हिरवे चौकोन काढलेले होते, 24 अलॉटमेंट, म्हणजे रहिवाशांना भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणारे जमिनीचे छोटे तुकडे. खरं सांगायचं तर त्या चौकोनांमुळेच या घरावर शिक्कामोर्तब झालं. माझे सासरे, अण्णा, फलटणजवळचे शेतकरी. आयुष्यभर पाटाच्या पाण्यावर शेती केली. सासूबाई गेल्यापासून दरवर्षी एप्रिलअखेर ते आमच्याकडे येतात आणि सप्टेंबरअखेर परत जातात. इथे त्यांना दिवस खायला उठतो. अलॉटमेंट मिळाली की सगळं ठीक होईल, असं आम्ही धरून चाललो होतो.

नाव नोंदवलं. 'पुढच्या वसंतात' असं उत्तर आलं. तेव्हापासून प्रत्येक वसंतात तेच उत्तर येतंय. जागेला कुंपण आहे, फाटकाला कुलूप आहे, आत कमरेएवढं गवत आहे. बिल्डर म्हणतो, आमचं काम झालं, काउन्सिलकडे विचारा. काउन्सिल म्हणतं, जागा पॅरिश काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेकडे, जाणार आहे. पॅरिशच्या क्लार्कबाई म्हणतात, आमच्याकडे अजून काही आलेलंच नाही. वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज भांडणं होतात. कुणी म्हणतं इस्टेट चार्ज, म्हणजे वसाहतीच्या देखभालीचा आकार, भरणं थांबवा, कुणी म्हणतं कुलूप तोडून पेरणी करा. अण्णा इथे असले की संध्याकाळी कुंपणापाशी जाऊन उभे राहतात. परवा फोनवर म्हणाले, 'पोरी, रान पडीक का ठेवलंय गं त्यांनी?' मला उत्तर देता आलं नाही.

पुढाकार घ्यावा असं वाटतं, पण हे म्हणतात, आपण बाहेरचे, भारतीय पासपोर्टवाले, आल्या आल्या तक्रारखोर म्हणून नाव कशाला करून घ्यायचं? काय करू?"

— एक सूनबाई

प्रिय सूनबाई,

तुमच्या यजमानांचा मुद्दा आधी घेते, कारण तो मनातून गेला नाही तर पुढचं काहीच घडणार नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1908 सालचा स्मॉल होल्डिंग्ज अँड अलॉटमेंट्स ॲक्ट आजही लागू आहे. अलॉटमेंटसाठी मागणी आहे अशी स्थानिक काउन्सिलची खात्री झाली, तर पुरेशा जागा उपलब्ध करून देणं हे या कायद्याने तिचं कर्तव्य ठरतं. (लंडनच्या आतल्या भागाला हे लागू नाही, पण तुम्हाला त्याची चिंता नाही.) आणि त्याच कायद्याच्या 23व्या कलमात एक लहानशी, फार मोलाची तरतूद आहे. नोंदणीकृत मतदार असलेल्या किंवा काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) भरणाऱ्या कोणत्याही सहा रहिवाशांनी लेखी मागणी केली, तर काउन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते.

सहा जण. पासपोर्ट कोणत्या रंगाचा हे त्यात कुठेही विचारलेलं नाही. काउन्सिल टॅक्स तुम्ही भरताच. शिवाय भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे, या देशात राहण्याची रीतसर परवानगी असलेला भारतीय नागरिक इथे मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो. आपल्यातल्या कितीतरी जणांना हे दहा-दहा वर्षं ठाऊकच नसतं. तुम्ही नोंदवलं नसेल तर या आठवड्यात नोंदवा.

या कायद्यामागची गोष्ट तुमच्या यजमानांना जरूर सांगा. गावाची सामाईक कुरणं आणि रानं कुंपणं घालून मोठ्या मालकांच्या ताब्यात गेली आणि मजुरांच्या हाती एक वाफाही उरला नाही, तेव्हा या देशात अलॉटमेंटची मागणी उभी राहिली. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांच्यासाठी ही सोय झाली. त्यामुळे ती मागताना अंग चोरण्याचं कारण नाही. पूर्ण प्लॉटचं जुनं माप 10 रॉड आहे, म्हणजे सुमारे 250 चौरस मीटर. अण्णांना सांगाल तेव्हा गुंठ्यांत सांगा: बरोबर अडीच गुंठे. त्यांना लगेच डोळ्यांसमोर येईल.

आता मुख्य गाठीकडे येऊ. तुम्ही चार वर्षं एकच प्रश्न विचारत आहात: कधी? या प्रश्नाला 'पुढच्या वसंतात' हे उत्तर देणं फार सोपं असतं, कारण ते देणाऱ्यावर काहीच बंधन येत नाही. तुम्ही प्रश्न बदला. कोणत्या कागदात काय लिहिलंय, आणि त्यातलं नेमकं कोणतं काम आज कुणाच्या टेबलावर अडलंय, हे विचारायला लागा.

तो कागद असतो. मोठ्या वसाहतीला परवानगी देताना काउन्सिल आणि बिल्डर यांच्यात टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्ट 1990 च्या सेक्शन 106 खाली करार होतो. शाळेसाठी पैसे, खेळाचं मैदान, परवडणारी घरं, अलॉटमेंट, हे सगळं साधारणपणे त्यात असतं. (काही वेळा अलॉटमेंटची बाब करारात नसून परवानगीच्या अटींमध्ये असते, म्हणून दोन्ही कागद बघा.) हा करार सार्वजनिक असतो. काउन्सिलच्या वेबसाइटवर प्लॅनिंगच्या विभागात वसाहतीचा अर्ज क्रमांक टाकला की बहुतेक वेळा तो सापडतो. क्रमांक माहीत नसेल तर घर घेताना तुमच्या सॉलिसिटरने दिलेल्या कागदांत बघा, तिथे तो असण्याची दाट शक्यता आहे. विक्रीच्या ऑफिसातला रंगीत नकाशा बाजूला ठेवा. बांधून ठेवणारं वचन या करारात आहे.

करार पन्नास-साठ पानांचा असेल आणि वाचायला कंटाळवाणा असेल. सगळा वाचू नका. अलॉटमेंट हा शब्द शोधा आणि त्याच्या आजूबाजूला चार गोष्टी हुडका. पहिली म्हणजे ट्रिगर. अशा करारात बहुधा तारीख नसते, टप्पा असतो: 'अमुकाव्या घरात माणसं राहायला येण्यापूर्वी अलॉटमेंट तयार करून द्याव्यात.' विलंबाचं मूळ फार वेळा इथेच सापडतं. टप्पा 200व्या घराचा असेल आणि बिल्डर 190 घरांवर हळू पडला असेल, तर कागदोपत्री त्याचं काहीच चुकलेलं नसतं, आणि तुम्हाला चिडायला नव्हे तर मोजायला बसावं लागेल. टप्पा ओलांडला असेल तर मात्र तो कराराचा भंग आहे आणि तुमच्या बोलण्याला वजन येतं. दुसरी गोष्ट, जागा कशी तयार करून द्यायची: मातीची खोली, पाण्याचे नळ, कुंपण, वाट, गाडी लावायची जागा. तिसरी, जागा शेवटी कुणाकडे जाणार. आणि चौथी, करारात नंतर काही बदल झालाय का. त्याला डीड ऑफ व्हेरिएशन म्हणतात. दोन्ही पक्षांच्या संमतीने टप्पा पुढे ढकलला जाऊ शकतो आणि रहिवाशांना त्याचा पत्ताही नसतो.

तुमच्या पत्रावरून मला वाटतं ते असं: तुमचं प्रकरण हस्तांतरणात अडकलंय. बिल्डर म्हणतो काम झालं, पॅरिश म्हणते काही आलं नाही; दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असू शकतात. मधे काय काय असतं ते पाहा. काउन्सिलच्या माणसाने येऊन जागा तपासायची, उणिवांची यादी द्यायची, बिल्डरने त्या दुरुस्त करायच्या, पुन्हा तपासणी. मग दोन्ही बाजूंच्या वकिलांनी हस्तांतरणाचा मसुदा तयार करायचा, देखभालीसाठी बिल्डरने द्यायची रक्कम ठरवायची, पॅरिश काउन्सिलने बैठकीत ठराव करून जागा स्वीकारायची. पॅरिशची बैठक महिन्यातून एकदा, काही ठिकाणी दोन महिन्यांतून एकदा. एका नळाची जोडणी राहिली म्हणून तपासणी पुढे गेली, तपासणी पुढे गेली म्हणून बैठक हुकली, आणि बैठक हुकली की पेरणीचा हंगाम जातो. यात कुणी खलनायक नसतो बहुतेकदा. पण या साखळीत एकही माणूस असा नसतो ज्याला हंगाम हुकण्याची कळ लागते. ती तुम्हाला लागते, म्हणून कागद तुम्ही हातात घ्यायचा.

काउन्सिलमध्ये सेक्शन 106 ची अंमलबजावणी बघणारा अधिकारी असतो. त्याला ईमेल करा. इंग्रजीत, पण याच वळणाने: 'अमुक क्रमांकाच्या परवानगीसोबतच्या करारातल्या अमुक कलमाखाली अलॉटमेंट द्यायच्या आहेत. हे कलम कोणत्या टप्प्यावर लागू होतं? आज किती घरांत लोक राहतात अशी तुमच्याकडे नोंद आहे? जागेची शेवटची तपासणी कधी झाली आणि त्यात कोणत्या उणिवा निघाल्या? हस्तांतरणासाठी काय बाकी आहे आणि ते कुणी करायचं आहे?' एवढंच. चार वर्षांचा इतिहास लिहू नका, अण्णांचंही लिहू नका. ते पुढे बैठकीत बोलायचं आहे. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर हेच प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली पाठवा. आपल्याकडच्या आरटीआयसारखाच इथे फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्ट 2000 आहे, आणि जमिनीच्या बाबतीत बऱ्याचदा पर्यावरणविषयक माहितीचे 2004 चे नियम लागू होतात. दोन्हींत साधारण मुदत 20 कामाचे दिवस. पॅरिश काउन्सिललाही हे लागू आहे.

दरम्यान सहा सह्यांचं पत्र तयार करा. तुमच्या भागात पॅरिश काउन्सिल आहे, म्हणजे 1908 च्या कायद्याचं कर्तव्य तिच्याकडे येतं, पत्रही तिलाच द्यायचं. हे पत्र दिलं की उद्या फाटक उघडेल असं मी म्हणणार नाही. कायद्यात मुदत दिलेली नाही, आणि 'विचारात घेणं' म्हणजे 'देणं' नव्हे. पण आतापर्यंत पॅरिश या विषयात वाट बघणारी होती. पत्रानंतर तिच्यासमोर कायदेशीर मागणी असते, ती बैठकीच्या कामकाजात येते, इतिवृत्तात नोंदली जाते, आणि मग क्लार्कबाई स्वतः जिल्हा काउन्सिलच्या मागे लागतात. सह्या घेताना निव्वळ मराठी मंडळींच्या घेऊ नका. ग्रुपवर जे भांडतायत त्यांच्यातले दोघं घ्या. समोरच्या आजीबाईंना विचारा. पॅरिशच्या बैठकीला कुणीही जाऊन बसू शकतं, आणि बहुतेक ठिकाणी सुरुवातीला रहिवाशांना दोन-तीन मिनिटं बोलू देतात. तिथे अण्णांना घेऊन जा. ते कुंपणापाशी उभे राहतात, हे तिथे सांगा. समोर बसलेली माणसं त्याच गावात राहणारी, बिनपगारी काम करणारी असतात, आणि त्यांच्यातल्या कुणाच्या ना कुणाच्या वडिलांची अलॉटमेंट असतेच.

एक गोष्ट मात्र घाईने करून घेऊ नका: माती. या बाबतीत मी विलंबाच्या बाजूने उभी राहीन. बांधकाम चालू असताना अशा जागांवर यंत्रं उभी करतात, राडारोडा टाकतात, वरची काळी माती खरवडून ढीग लावतात. नंतर खालच्या घट्ट दाबलेल्या चिकणमातीवर वीतभर माती पसरून गवत पेरलं की वरून सगळं हिरवंगार दिसतं. मला अनेक वर्षांपूर्वी मिळालेला पहिला प्लॉट असाच होता. पहिल्याच पावसात वाफ्यांत पाणी साचलं ते आठवडाभर हललं नाही, कांदे जागच्या जागी सडले, आणि फावड्याला विटांचे तुकडे लागत राहिले. ती जमीन वळणावर यायला तीन वर्षं शेणखत घालावं लागलं.

दूषिततेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. शिशाचंच बघा. इंग्लंडमध्ये जमिनीचा धोका तपासताना वापरतात त्या पातळ्यांपैकी एक अशी आहे: भाजी पिकवणाऱ्या घरगुती बागेसाठी मातीच्या किलोमागे 200 मिलिग्रॅम, आणि अलॉटमेंटसाठी 80. अलॉटमेंटची पातळी इतकी कडक, कारण तिथलं पीक माणूस अधिक प्रमाणात खातो. म्हणजे घरं बांधायला 'सुरक्षित' ठरलेली जमीन अलॉटमेंटला नापास होऊ शकते. तुमच्या वसाहतीच्या आधी तिथे शेत होतं की कारखाना, हे शोधा, आणि अलॉटमेंटच्या निकषाने केलेला माती तपासणीचा अहवाल मागा. उणिवांच्या यादीत माती असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत जागा घेऊ नका, असं तुम्हीच पॅरिशला सांगा. अण्णा इथे मोठ्या कामाचे आहेत. अधिकारी तपासणीला येतील त्या दिवशी सोबत उभं राहण्याची परवानगी मागा. दोन फूट खड्डा घेऊन त्यात पाणी ओतलं आणि किती वेळात जिरतं ते पाहिलं, की खाली मुरूम आहे, चिकण आहे की भराव, हे ते कुणाही सल्लागाराआधी सांगतील.

आणखी एक प्रश्न न चुकता विचारा: जागा पॅरिशच्या मालकीची होणार, की वसाहतीची देखभाल बघणाऱ्या खासगी मॅनेजमेंट कंपनीकडे राहणार? काउन्सिलने अलॉटमेंटसाठी म्हणून घेतलेली जमीन 1925 च्या अलॉटमेंट्स ॲक्टखाली येते, आणि केंद्र सरकारच्या मंत्र्याच्या संमतीशिवाय ती विकता किंवा दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. खासगी कंपनीकडच्या प्लॉटना हे कवच नाही. आज कुणी म्हणालं, 'कंपनीकडेच ठेवू, लवकर उघडेल', तर मोह होईल. सहा महिने लवकर उघडण्यासाठी शंभर वर्षांचं संरक्षण सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

कुलूप तोडायचं नाही. जागा अजून बिल्डरच्या ताब्यात आहे, आत कुणाला इजा झाली तर सगळं प्रकरण दोन वर्षं मागे जाईल. इस्टेट चार्जही थांबवायचा नाही. तो तुमच्या घराच्या कागदांत बांधलेला आहे. थकबाकी साचते आणि घर विकताना आडवी येते.

टप्पा ओलांडलाय आणि तरी काही हलत नाही असं दिसलं, तर काउन्सिलकडे अधिकार आहेत. करार पाळायला लावण्यासाठी ती कोर्टातून मनाई हुकूम आणू शकते, किंवा 21 दिवसांची नोटीस देऊन स्वतः आत जाऊन काम पुरं करू शकते आणि खर्च बिल्डरकडून वसूल करू शकते. हे ती सहसा करत नाही, पण तुमच्या वॉर्डाच्या काउन्सिलरने 'हा अधिकार का वापरला नाही' असं लेखी विचारलं की फोन फिरायला लागतात. त्यानंतरही काही झालं नाही तर काउन्सिलकडे रीतसर तक्रार, आणि मग लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन, म्हणजे काउन्सिलविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारी स्वतंत्र यंत्रणा. तिथे पॅरिश काउन्सिलविरुद्धची तक्रार घेत नाहीत, आणि साधारणपणे गोष्ट कळल्यापासून 12 महिन्यांच्या आत जावं लागतं, म्हणून पत्रांच्या तारखा जपून ठेवा. कुठे अडलात तर कॉर्बीला नॅशनल अलॉटमेंट सोसायटीचं कार्यालय आहे, तुमच्यापासून फार लांब नसावं. सभासद झालात तर कायदेशीर सल्लाही देतात.

यादीत किती नावं आहेत तेही विचारा. 24 प्लॉट आणि 60 नावं असतील तर प्रत्येक प्लॉटचे दोन भाग करावेत असं आत्ताच सुचवा. सव्वा गुंठा चौघांच्या कुटुंबाला नवशिकेपणी भरपूर होतो. आणि तुम्ही सहा जणांनी संघटना स्थापन केलीत तर पॅरिश पुढे जागेची व्यवस्था तिच्याकडे सोपवू शकते. पुष्कळ ठिकाणी अलॉटमेंट अशाच चालतात.

हे सगळं यंदाच्या हंगामात पुरं होणार नाही. अण्णा तर एप्रिलअखेर येतायत. तेव्हा त्यांच्यासाठी आत्ताच एक काम करा. शेजारच्या गावात जुन्या अलॉटमेंट असतीलच. तिथे जाऊन फाटकावरच्या पाटीवरून सेक्रेटरीचा नंबर घ्या आणि विचारा, वय झाल्यामुळे अर्धा प्लॉट पडीक ठेवावा लागतोय असं कुणी आहे का, ज्यांना हाताखाली माणूस चालेल. असे लोक प्रत्येक साइटवर असतात, आणि बऱ्याच ठिकाणी मदतनीस म्हणून नाव नोंदवून घेतात. अण्णांचं इंग्रजी नसेल तरी खुरपं हातात घेतलं की बोलणं आपोआप सुरू होतं. माझ्या शेजारच्या प्लॉटवरचे स्कॉटिश आजोबा आणि माझी आई दोन उन्हाळे एकमेकांशी निव्वळ घेवड्याच्या शेंगांवरून बोलले.

बियाणं मात्र फलटणहून आणू देऊ नका. लागवडीचं बी भारतातून आणायला फायटोसॅनिटरी, म्हणजे रोग-कीड नसल्याचं, प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर जप्त होईल आणि त्यांना उगाच अपराधी वाटेल. मेथी आणि धने स्वयंपाकघरातल्या डब्यातलेच पेरा, छान उगवतात. धने पेरण्याआधी लाटण्याने हलके रगडून दोन दळं सुटी करायची, हे अण्णांना सांगावं लागणार नाही. मेथी मेच्या सुरुवातीला, घराच्या दाराशी खोल कुंडीत. गवार, भेंडीचा हट्ट पहिल्या वर्षी नको. दुधी घरात खिडकीशी रुजवून ठेवा, तुमच्याकडे मेच्या मध्यापर्यंत हिमकण पडू शकतात, त्यानंतरच बाहेर काढा. आणि ते जायच्या आधी, सप्टेंबरच्या शेवटी, त्यांच्या हातून लसणाच्या पाकळ्या सुट्या करून ठेवा. लावायच्या ऑक्टोबरमध्ये, ते तुम्ही करा, आणि फोटो पाठवा.

करार सापडला की अलॉटमेंटच्या कलमाचं पान मला पाठवा. घरांचा आकडा आणि आज तिथे राहणाऱ्यांचा आकडा शेजारी शेजारी लिहून पाठवा. पुढचं पत्र आपण त्यावरून लिहू.